पाटावरचा पाना

आमच्या घरी मोटार होती असं सांगितलं, की नातवंडं माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतात. परंड्यात आमचं मोठं प्रस्थ असणार, असं त्यांना वाटतं. मोटार होती हे खरं, पण तिच्या मागच्या सीटवर माणसांपेक्षा करडईची पोतीच जास्त वेळा बसली असतील. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, करडई-शेंगांचं दुकान होतं. त्यांचा धाकटा भाऊ मल्लूकाका एकदा पेंड विकायला सोलापूरला गेला आणि येताना ही जुनी मोटार घेऊन आला. अप्पा ओट्यावर उभे राहून बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "बैल कुठं सोडून आलास?" लढाई नुकतीच संपली होती. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, त्यामुळं मोटार चालायची कमी आणि उभी जास्त. उभी असली की तिच्या पोटाखाली कोंबड्या बसत आणि टपावर आत्या सांडगे वाळत घाली. अजूनही कुठं नवी कोरी गाडी दिसली, की हिच्या टपावर किती सांडगे मावतील, हा विचार माझ्या मनात आधी येतो.

त्या मोटारीचे आवाज आम्हा सगळ्यांना पाठ होते. डावं दार किरकिरायचं. चढावर ती दम लागल्यासारखी खोकायची. ब्रेक दाबला की शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखी केकाटायची. ते केकाटणं वेशीपाशी ऐकू आलं की अव्वा, माझी आई, तव्यावर भाकरी टाकायची, आणि काका हातपाय धुऊन बसेपर्यंत ती फुगलेली असायची. अव्वाचं माहेर उमरग्याच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून. ती मोटारीला शेवटपर्यंत 'बंडी', म्हणजे बैलगाडी, म्हणत राहिली. कुणी घराबाहेर निघालं की 'होगि बा' म्हणायची, जाऊन ये. निरोपात परत येणं आलंच पाहिजे, असा तिचा नेम होता.

घर मात्र चालायचं ते आत्याच्या हुकुमात. आत्या अप्पांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, तशी शांताला, आपल्या मुलीला, कडेवर घेऊन ती माहेरी आली आणि मग घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला राहिल्या. अप्पा आणि काका तिला अक्का म्हणत आणि तिच्यापुढं आवाज चढवत नसत. सुपारी कातरता कातरता ती सगळ्यांचे निकाल लावायची. तिच्या लेखी जगात आपोआप काही घडतच नसे. पाल चुकचुकली तर ती काहीतरी सांगत होती, दूध उतू गेलं तर तेही सांगत होतं, आणि काय सांगत होतं ते फक्त आत्याला कळत होतं.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. मुलगी म्हणून पहिली असं नव्हे, माणूस म्हणूनच पहिली. आमच्या संस्थानात कारभार उर्दूत चाले, म्हणून अप्पांची शाळा उर्दू पाटीवर सुरू झाली आणि तिथंच संपली. शांताक्काचं लग्न होऊन ती सोलापूरला गेली, तिचं तान्हं मूल सांभाळायला म्हणून मला पाठवलं, आणि तिच्या नवऱ्यानं मला शाळेत घातलं. मूल मोठं झालं, मी मॅट्रिक झाले, आणि कुणी थांबवायच्या आत कॉलेजात जाऊन बसले. वर्गात मी भिंतीकडच्या बाकावर बसायची. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. चुकलं तर परंड्याची अब्रू जाईल, असं काहीतरी मनात असायचं.

त्या नवरात्रात मी घरी आले, तेव्हा आत्यानं बार्शीचं एक स्थळ काढून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता, हे मी आजही म्हणेन. दुकान होतं, स्वभाव शांत होता, दात सरळ होते. दसऱ्यानंतर मंडळी बघायला येणार होती. आत्याचं म्हणणं, आता पोरीनं कशाला परत जायचं? माझं म्हणणं असं होतं की... पण माझं म्हणणं मी मांडलंच नाही. जेवताना मान खाली घालून एवढंच म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी आहे." अप्पांना घरातलं भांडण सोसत नसे. त्यांनी दोन दिवस गव्हाची गोड हुग्गी खाल्ली, शेंगापोळ्या खाल्ल्या, आणि तिसऱ्या दिवशी तोड काढली. "दसऱ्याला काढू तिला. त्या दिवसाला मुहूर्त बघावा लागत न्हाय. अक्का, तुमी सोबत जावा. सुखरूप पोचली तर शिकू दे. वाटंत काय आडवं आलं, तर तिथनं माघारी, आन बार्शीकरांना निरोप." आत्यानं अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाली, "कबूल." मला कुणी विचारलं नाही, पण मीही मनात कबूल म्हटलं. सोलापूरची रेल्वे पकडायला जायचं ते कुर्डुवाडीचं स्टेशन काही लांब नव्हतं. तेवढ्या वाटेत आडवं येऊन येऊन काय येणार?

आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं एकूण एक हत्यार पुजायचं. आमची हत्यारं म्हणजे तराजू, वजनं, विळी, कोयता, आत्याचा अडकित्ता, आणि मोटार आल्यापासून काकाचा चाकाचे नट आवळायचा पाना. एकदा पाटावर चढलेलं हत्यार दसऱ्याचं शिलंगण करून येईपर्यंत उचलायचं नाही, हा आत्याचा कडक नियम. विळी पुजेत, म्हणून पालेभाजी हातानं खुडायची. अडकित्ता पुजेत, म्हणून आत्या सुपारीवाचून राहायची आणि त्या दोन दिवसांत तिच्या वाटेला कुणी जात नसे. नवमीच्या सकाळी काका हौदापाशी मोटार धूत होता. काळ्या मातीचे पोपडे चाकाला आतून चिकटले होते, म्हणून त्यानं मागचं डावं चाक काढून खरवडलं, धुतलं आणि परत चढवलं. तो उकिडवा बसून नट बोटांनी फिरवत होता, तेवढ्यात आतून आत्याची हाक आली, "मल्ल्या, जंगमस्वामी येऊन बसलेत! हत्यारं आण!" काकानं पाना माझ्या हातात दिला. "गिरजा, धू नीट. ग्रीस लागलंय." मी तो राखेनं आणि चिंचेनं असा घासला की चांदीसारखा चमकायला लागला. तराजूच्या एका बाजूला पाना ठेवला, दुसऱ्या बाजूला माझी कॉलेजची पुस्तकं. सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली. स्वामींनी मंत्र म्हटले. मग बाहेर मोटारीच्या नाकापुढं नारळ फुटला.

दसऱ्याला सकाळी निघायचं, तर पुस्तकं न्यायला हवीत. आत्यानं बराच विचार केला. शेवटी पाटावर पाणी शिंपडून ती म्हणाली, "सरस्वतीबाई, तुझं तेवढं उचलतेय. पोरीला लांब जायचंय, राग धरू नको." मी पुस्तकं उचलली. बाकी सगळं जिथल्या तिथं राहिलं. अव्वानं कडाकण्या आणि शेंगापोळ्यांचा पत्र्याचा डबा आत्याकडं दिला, माझ्या कपाळाला विभूती लावली आणि 'होगि बा' म्हणाली. काका चाकामागं, अप्पा त्याच्या शेजारी, मागं आत्या आणि मी. ट्रंक मागच्या जाळीवर दोरीनं बांधलेली. वेशीबाहेर पडलो तेव्हा ऊन कोवळं होतं, तुरी कमरेला लागल्या होत्या, आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. म्हटलं नाही, अर्थातच.

बाभळी मागं पडल्या आणि आवाज सुरू झाला. खडखड. जरा थांबून खड. मग परत खडखड.

"हे काय वाजतंय?" अप्पांनी विचारलं.

"खडं हायेत दादा रस्त्याला. मडगार्डला उडत्यात," काका म्हणाला.

खडे संपले. लोण्यासारखी मऊ मातीची वाट लागली. खडखड चालूच.

"मग ट्रंक असंल." काकानं उतरून दोरी आवळली. निघालो. खडखड.

"अक्का, तुमचा डबा वाजतोय."

"माझ्या डब्याला नाव ठिवू नकोस, मल्ल्या. आत कडाकण्या हायेत, नाल न्हाईत."

तरी डबा माझ्या मांडीवर आला. मी त्याला लेकरासारखं पोटाशी धरलं. खडखड थांबली नाही, उलट आत्याचा चेहरा उजळला. "बघ. डबा गरीब हाय माझा."

काकानं आता मोटार हळू केली, तर आवाजही हळू झाला. वेग वाढवला, तसा आवाज धावायला लागला. एका वळणावर मोटारीचं बूड असं डुललं की आम्ही दोघी एकमेकींवर गेलो. "चाकाबरोबर वाजतंय," काका मान बाहेर काढून म्हणाला. "मागचं डावं." त्यानं थांबवलं, नवं धोतर वर खोचलं, चाकाचा वरचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि हिसडा दिला. चाक हललं. पडायला आलेल्या दातासारखं हललं. काकाचा चेहरा उतरला.

"बेरिंग गेलं दादा. न्हायतर आतला दांडा."

"मंजी?"

"मंजी काय, सोलापूरला न्यायची आन पंधरा दिवस वाट बघायची. आत्ता हळूहळू माघारी जाऊ. पुढं नदी हाय, तिथं अडकलो तर सणासुदीला कोण येणार?"

"मला मघापासनंच कळलंय," आत्या म्हणाली. ती रागावून बोलत नव्हती, समजावून सांगावं तशी बोलत होती. "गाडीच नको म्हणतीया. मुकं जनावर हाय, बोलता येत न्हाय, म्हणून वाजतंय." ती अप्पांकडं वळली. "शिवलिंगा, ठरलंय काय आपलं?"

अप्पांनी पटका काढून परत डोक्यावर ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. "ठरलंय तसं करू," ते म्हणाले.

मी आतच बसून होते. त्या वर्षी मी शास्त्र शिकत होते. कंपनाची व्याख्या मला तोंडपाठ होती, पण व्याख्येनं चाक हलायचं थांबत नव्हतं. डबा बाजूला ठेवला, तर त्याच्याखाली माझ्या मांडीवर शास्त्राचं पुस्तक. वर कालचं कुंकू, आणि पुठ्ठ्याला चिकटलेली झेंडूची एक चपटी पाकळी. आणि का कोण जाणे, सकाळी मी पुस्तकं उचलली तेव्हाचा पाट डोळ्यांपुढं आला. मधे तराजू. एका बाजूला पुस्तकांची रिकामी जागा. दुसऱ्या बाजूला चांदीसारखा पाना. तो पाना माझ्या हातात आला तेव्हा काका चाकापाशी उकिडवा बसलेला होता आणि त्याची बोटं नटांवर होती.

मला कळलं. पण कळणं वेगळं आणि मोठ्या माणसांत, त्यातही रस्त्यात, तोंड उघडणं वेगळं. सांगायचं म्हणजे काकाचं काम अर्धवट राहिलं हे थोरल्या भावापुढं सांगायचं, आणि ते आत्याच्या हाकेमुळं राहिलं हे आत्यापुढं सांगायचं. आणि मी चुकले असते तर? काका मोटारीचं तोंड वळवायला जागा बघायला लागला, तेव्हा मी खाली उतरले. वर्गात जो हात कधी वर केला नाही, तो इथंही केला नाही. फक्त विचारलं.

"काका, काल तुम्ही मला पाना दिलात, तो चाक आवळून झाल्यावर दिलात, की आधी?"

"आवळून झाल्या..." काका म्हणाला आणि थांबला. "आधी," तो हळू म्हणाला. "नट बोटांनी लावलेते. जंगमस्वामी आलते. अक्का हाका मारत हुत्या. म्हटलं, मागनं आवळू. आन पाना गेला पुजेला."

अप्पांनी कमरेची दुकानाची किल्ली काढून दिली. काकानं ती चाकाच्या मधल्या वाटीखाली घालून वाटी उचकटली. खळ्ळकन दोन नट त्याच्या तळहातावर पडले. मघापासून खुळखुळ्यासारखे वाजत होते ते हेच. उरलेले बोटांनी सहज फिरत होते. काकाला इतका आनंद झाला की त्यानं ते नट मला, अप्पांना, आत्याला, सगळ्यांना दाखवले. "बेरिंग न्हवं दादा! नट! नुसते नट!"

"आवळ मग," अप्पा म्हणाले.

"आवळतो की. पाना..." काकानं आत्याकडं बघितलं. मग आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

"पाटावर हाय," आत्या म्हणाली.

जवळच एक वस्ती दिसत होती. काका पळत गेला आणि तिथल्या लोहाराला घेऊन आला. लोहार रिकाम्या हातानं आला. डोक्याला नवं मुंडासं, कपाळाला गुलाल. त्यानं चाक हलवून बघितलं, हळहळला. "काम मिनटाचं हाय मालक. पर हत्यारं पुजल्यात. शिलंगणाच्या आत म्या न्हाय उचलत. तुमी उचलता का?"

"उचलू नगंसच बाबा," आत्या म्हणाली. "शानपणाचा हायेस."

अप्पांनी हसू दाबण्यासाठी पटका तोंडापाशी नेला. काका मात्र पेटला होता. "पुढं हद्दीवर करोडगिरीचा जकातनाका हाय. तिथं आडव्या दांड्याचे बोल्ट आवळायला जमादाराकडं स्क्रूपाना असतोय. म्या बघितलाय. नट हातानं घट्ट करत करत, पायी चालल्यागत गेलो तर पोचू." अप्पांनी मागं बघितलं, पुढं बघितलं. घर आणि नाका सारख्याच अंतरावर होते. "अक्का," ते म्हणाले, "आडवं तर आलंय. तुमीच सांगा. मागं का पुढं?"

आत्याचा हात सवयीनं कमरेला सुपारी शोधत होता. मग तिनं मला विचारलं, "पाना पाटावर हाय, हे तुला कशानं आठवलं गं?"

"पुस्तकावरचं कुंकू बघून," मी म्हणाले. खरं तेच होतं.

"कालच्या पुजेचं?"

"हो."

"मंजी माघारी जा म्हणणारी गाडी, तर नट सैल म्हणून वाजत हुती. ती काय सांगत न्हवती, नुसती वाजत हुती." आत्या एकेक शब्द तोलून बोलत होती. "आन सांगितलं कुणी, तर सरस्वतीनं. पुजेतनं म्या उचलू दिलं त्या पुस्तकानं. मग पुस्तक जिकडं चाललंय तिकडंच जायचं. पुढं, शिवलिंगा."

हे तिला खरंच वाटलं, की तिनं वाटून घेतलं, हे मला आजवर कळलेलं नाही. पुष्कळ वर्षं मी त्याला तिचा भाबडेपणा म्हणायची. आता मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरीच म्हातारी झाले आहे. शब्द मोडायचा नाही आणि माणूसही अडवायचा नाही, अशी वाट काढायला किती डोकं लागतं, हे मला माझ्या सुनांनी शिकवलं. आता मी 'भाबडेपणा' हा शब्द वापरत नाही.

नाक्यापर्यंतची ती वरात मला अजून दिसते. काका रिकामी मोटार मुंगीच्या पावलानं चालवतोय, मधेच उतरून नट फिरवतोय, परत बसतोय. अप्पा आजारी बैलाबरोबर चालावं तसे मागच्या चाकाशेजारून चालताहेत. मागं मी आणि आत्या, डब्याची एकेक कडी धरून. लोहारही बराच वेळ सोबत आला, म्हणाला, "बघू तरी काय हुतंय."

नाक्यावर जमादार बाजेवर बसून चहा पीत होते. दाढी पांढरी, टोपी लाल. काकानं सगळी हकीकत सांगितली. त्यांनी आत जाऊन गंजलेला, हातभर लांब स्क्रूपाना आणला. आत्यानं लांबूनच विचारलं, "जमादारसाहेब, तुमच्याकडं ह्याला पुजत न्हाईत न्हवं?"

"नै अम्मा," ते हसून म्हणाले. "इसकू कोई छुट्टी नै. सरकारी नौकर है इने."

काकानं समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, मग सगळे परत एकदा, आणि मग आत्यानं सांगितलं म्हणून आणखी एकदा. चाकाला हिसडा दिला. चाक जागचं हललं नाही. जमादारांनी पाना घेतला, आत गेले, कोट घालून बाहेर आले आणि एकदम सरकारी आवाजात बोलले, "हां. अब बोलो, माल क्या क्या है?"

नाक्यावर हे सांगायचं काम अप्पांचं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत आत्या पुढं झाली. डबा उघडून दाखवला. "कडाकण्या. शेंगापोळ्या, ह्यातल्या दोन तुमच्या. ट्रंकेत कापडं. आन ही आमची पोर." मग, उच्चार चुकू नये म्हणून जपून, तिनं तो शब्द पहिल्यांदा तोंडातून काढला. "कॉलेजात चाललीय."

दांडा वर गेला. मोटार निघाली. नदी येईपर्यंत चौघंही डाव्या अंगाला कलून, मागच्या चाकाकडं कान लावून बसलो होतो.